पक्क्या रंगाचा जंतू

नवं लुगडं पहिल्यांदा धुताना आपण बघतो, रंग पाण्यात उतरतो का. उतरला तर कच्चा, टिकला तर पक्का. आम्ही धावड्याच्या बाया आज अशाच एका पारखीचा इतिहास सांगणार आहोत. ही पारख आहे टीबीच्या, म्हणजे क्षयाच्या जंतूची.

जंतूला स्वतःचा रंग नसतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालीही तो नीट ओळखू येत नाही. रॉबर्ट कॉख यांनी तो रंगवला आणि २४ मार्च १८८२ रोजी जर्मनीत बर्लिनला जाहीर केलं, की क्षय या जंतूमुळे होतो. त्याच वर्षी पाउल एर्लिख यांना दिसलं, की या जंतूला चढलेला रंग आम्लानं धुतला तरी जात नाही. झील आणि नील्सन यांनी ही रीत सुधारली. तीच आजही त्यांच्या नावानं चालते.

रीत अशी: बेडक्याचा पातळ थर काचेवर वाळवायचा. त्यावर लाल रंग घालून वाफ येईपर्यंत तापवायचा. मग आम्लानं धुवायचा. बाकीच्या जंतूंचा रंग निघून जातो. क्षयाच्या जंतूचं कवच मेणासारखं, ते रंग सोडत नाही. शेवटी निळा रंग दिला, की निळ्यावर लाल बारीक काड्या दिसतात.

पण ओळख पटली म्हणून औषध मिळालं असं नाही. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं गेल्या. वय २२ सुद्धा पूर्ण नव्हतं. जंतू सापडून ५ वर्षं झाली होती. त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली.

आनंदीबाईंना जे मिळालं नाही, ते आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तरी सून खोकला पदरात दाबते, लेकीचं लग्न मोडेल म्हणून आई गप्प बसते. बायांनो, खोकला २ आठवड्यांवर गेला तर आशाताईंना सांगा. तपासणीला नुसती थुंकी नको, छातीतून आलेला बेडका द्या. जंतू थोडे असले तर काचेवर सापडत नाहीत, म्हणून यंत्रावरही तपासतात. साधा टीबी ६ महिने नेमानं गोळ्या घेतल्या तर बरा होतो. मधेच गोळ्या सोडू नका.