पहिले कलम आणि कापड

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना काम मिळे, पण जास्त मजुरीच्या साचेखात्यात नाही. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. तेव्हापासूनची शिकवण म्हणून कोणताही करार हाती आला की मी आधी त्यातले अपवाद वाचतो.

३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनिव्हात भारतासह २३ देशांनी ‘गॅट’ हा व्यापार-करार केला. पहिलेच कलम समतेचे: एकाला दिलेली जकातीची सवलत सर्व सभासदांना. पण गरीब देशांचे स्वस्त सुती कापड श्रीमंतांच्या बाजारात शिरू लागताच १९६१ साली त्यापुरती ‘अल्पमुदतीची’ वेगळी व्यवस्था झाली. पुढच्याच वर्षी ती दीर्घमुदतीची झाली. १९७४ साली लोकर आणि कृत्रिम धागेही तिच्यात ओढले गेले. कोणी किती कापड पाठवायचे, याचा देशवार कोटा!

१९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली आणि हे कोटे दहा वर्षांत उठवायचे ठरले. १९९० च्या आयातीच्या हिशेबाने पाडलेले हप्ते पाहा: आरंभी १६ टक्के, १९९८ साली १७, २००२ साली १८, आणि उरलेले ४९ टक्के अगदी अखेरच्या दिवशी, १ जानेवारी २००५ रोजी. आधी कोणता माल मोकळा करायचा, ही निवड आयात करणाऱ्यांकडे. त्यांनी सुरुवातीला ‘मोकळा’ केलेल्या मालापैकी बराचसा कोट्यात कधी नव्हताच.