रॉबिन ऊर्फ मारिया

लंडनच्या पूर्वेला ली नदी जिथे थेम्सला मिळते, तिथे बो क्रीकच्या काठी १८९० साली दोन जुळ्या बोटी बांधल्या गेल्या. एक रॉबिन, दुसरी रूक. नावं पाखरांची, काम मात्र ओझी वाहायचं. धान्य, खनिज, चिनी माती, भंगार लोखंड असं जे जड आणि स्वस्त असेल ते एका बंदरात भरायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्याने जाऊन दुसरीकडे उतरवायचं. रॉबिनची लांबी जेमतेम १४३ फूट. अशा लहान बोटींचं सगळं मोल उथळ बंदरांना होतं. ओहोटी लागली की त्या खुशाल चिखलात बूड टेकून बसत आणि भरती आली की पुन्हा तरंगत.

इंजिन लंडनचं नव्हतं. रॉबिनचा पोलादी सांगाडा ओढत स्कॉटलंडात डंडीला नेला आणि तिथे गोरले ब्रदर्सनी बॉयलर आणि इंजिन बसवलं. हे इंजिन ट्रिपल एक्स्पान्शन जातीचं. बॉयलरमधली वाफ आधी सर्वांत लहान सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्या ढकलते. तिथे तिचा जोर कमी होतो, पण संपत नाही. म्हणून तीच वाफ त्याहून मोठ्या सिलिंडरमध्ये सोडायची आणि मग तिसऱ्या, सगळ्यांत मोठ्या सिलिंडरमध्ये. वाफ सैलावेल तशी तिला जागा जास्त लागते, म्हणून हे चढते आकार. शेवटी तिचं पाणी करून परत बॉयलरकडे धाडायचं. एकाच वाफेला तीनदा राबवून घेण्याचा हा चिक्कूपणा आगबोटींना भलताच मानवला. १८८२ साली ॲबर्डीन नावाच्या बोटीने याच जातीच्या इंजिनावर ऑस्ट्रेलियाची फेरी करून दाखवली. कोळसा कमी लागला की वाचलेली जागा मालाला मिळते. लांबच्या वाटेवर शिडाच्या जहाजांचं गणित चुकायला लागलं ते इथून.

रॉबिन इंग्लंडात फार दिवस राहिली नाही. १९०० साली ती स्पेनला विकली गेली आणि तिचं नाव पडलं मारिया. पहिल्या महायुद्धात सांतांदेरहून लोखंड घेऊन ती फ्रान्सला जाई, तेव्हा पाणबुड्यांच्या धास्तीने सोबत विनाशिका असत. एवढ्याशा बोटीचा असा थाट पुन्हा कधी झाला नाही. बाकी वर्षं माल भरण्यात आणि उतरवण्यात गेली. मालक बदलले, डोलकाठ्या कमी झाल्या, धुराडं आखूड झालं, उतारवयात बॉयलरखाली कोळशाऐवजी तेल जळू लागलं. इंजिन मात्र कोणी बदललं नाही. माझ्या मते तिचा जीव वाचला तो यामुळेच. खिसा गरम असलेल्या मालकाने डिझेल इंजिन बसवलं असतं, नाहीतर तिला मोडीत काढून नवी बोट घेतली असती. किनाऱ्यावरच्या या धंद्यात तेवढी मिळकतच नव्हती. चालतंय तोवर चालवायचं, हा खाक्या.

१९७४ साली ब्रिटनच्या मॅरिटाइम ट्रस्टने तिला विकत घेऊन मायदेशी आणलं, जुनं रूप दिलं आणि नावही पुन्हा रॉबिन ठेवलं. हे मला जरा खटकतं. ती रॉबिन होती दहा वर्षं, मारिया ७४ वर्षं. सासरी जन्म काढलेल्या बाईला म्हातारपणी कोणी माहेरच्या नावाने हाक मारली तर ती ओ देईल का, कोण जाणे. अर्थात ही रीत जुनी आहे. चहाच्या शर्यतींतलं गाजलेलं शिडाचं जहाज कटी सार्क १८९५ साली पोर्तुगीजांकडे जाऊन फेरेरा झालं होतं, तेही पुढे इंग्रजांनी परत घेतलं आणि मूळ नावावर आणलं. आज ब्रिटनच्या ऐतिहासिक जहाजांच्या यादीत दोघीही आहेत.

लंडनच्या जुन्या गोदीत मग बरीच वर्षं ती नुसती उभी होती. २००२ साली एका दांपत्याने तिला एका पौंडाला घेतलं आणि जिथे पूर्वी माल रचला जाई त्या पोटात छायाचित्रांचं दालन थाटलं. २००८ मध्ये रेल्वेच्या कामासाठी गोदीतली जागा सोडावी लागली आणि तिला दुरुस्तीसाठी लोस्टॉफ्टला नेलं. तिथे कळलं की तळाचे पत्रे आता पाण्याच्या भरवशावर सोडण्यासारखे उरलेले नाहीत. नवे पत्रे ठोकले तर ती आतून-बाहेरून नवीच बोट होणार. म्हणून मुद्दाम एक पाँटून, म्हणजे सपाट तरंगता तराफा, बांधून तिला उचलून त्यावर ठेवलं. २०११ साली ती लंडनला परतली ती त्या पाँटूनवर बसून. डंडीचं इंजिन जागच्या जागी होतं, पण त्याला या वाटेवर वाफ लागली नाही.