झाकल्या कामाचा भरवसा

घरात प्लंबर, गवंडी किंवा वायरमन बोलवायचा झाला की एकच सल्ला सर्वांच्या तोंडी असतो: माणूस ओळखीचा बघा. ओळखीचा मिळत नसेल तर ज्याच्या नावापुढे चांदण्या जास्त तो बघा. तेही नको असेल तर तो वेळेवर येतो का, बोलायला नीट आहे का, हे पाहा आणि काम चालू असताना डोक्यावर उभे राहा. या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे. कारागीर प्रामाणिक की लबाड हे आधी ठरवता येतं, आणि ते एकदा ठरलं की कामाचा प्रश्न सुटतो. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. त्यात घरमालकाचं नुकसान आहे, आणि चांगल्या कारागिराचं त्याहून जास्त.

पूर्वपक्षाची सर्वांत बळकट बाजू आधी घेऊ. ओळखीचा माणूस पुन्हा गाठता येतो, काम बिघडलं तर त्याला तोंड चुकवता येत नाही. हे खरं आहे. बलुतेदारीतल्या सुतारावरचा भरवसाही असाच होता. आज नांगर दुरुस्त करणारा तोच, आणि सुगीला बलुतं मागायला खळ्यावर येणाराही तोच. पण शेतकऱ्याने त्याचा स्वभाव पारखून त्याला नेमलं नव्हतं. सुतार वतनाने ठरलेला होता. भरवसा यायचा तो वर्षानुवर्षं एकमेकांसमोर येण्याच्या बांधिलकीतून. त्या बांधिलकीनेही कामाच्या दर्जाची हमी दिली नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) वतनी कारूंच्या कामावर कठोर टीका आहे.

शहरातल्या ओळखीत तर ही बांधिलकीही नसते. शेजारच्या काकूंनी नंबर दिला, एवढंच. काकूंनी त्याच्याकडून नळ बदलून घेतलेला असतो आणि आपण त्याला अख्खं बाथरूम फोडायला देतो. ही दोन कामं एका मापाने मोजता येत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथेच आहे.

फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग केले: ज्यांचा गुण घेण्याआधी दिसतो त्या, आणि ज्यांचा गुण वापरल्यावर कळतो त्या. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा वर्ग दाखवला. त्यातल्या सेवेचा गुण वापरल्यानंतरही ग्राहकाला कळत नाही. दुरुस्तीची कामं त्यांनी या वर्गात धरली आणि फसवणुकीला जागा कुठे होते तेही दाखवलं: काय बिघडलंय हे सांगणारा आणि त्या दुरुस्तीचे पैसे घेणारा एकच असतो, तिथे.

हे आपल्या घरात लावून पाहा. गळका नळ बदलला की तो गळतो की नाही ते लगेच दिसतं. तिथे विश्वासाचा प्रश्नच फारसा नाही. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग पुष्कळ महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल धरते तेव्हा कळतं. अर्थिंगचं तर कधी कधी कळतच नाही. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे तार जोडलेली नसली तरी फ्रिज वर्षानुवर्षं उत्तम चालतो. आतल्या तारेचं आवरण झिजून दाराच्या पत्र्यात वीज उतरते, तेव्हा त्या न जोडलेल्या तारेचा हिशोब होतो, आणि तो कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो. ती तार सोडून देणारा वायरमन दहा वर्षांच्या ओळखीचा, गोड बोलणारा, वेळेवर येणारा असू शकतो. तो लबाडच असेल असंही नाही. त्याला शिकवणाऱ्यानेही ती तशीच सोडली असेल.

एसीचंही तेच. ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ हे वाक्य आपण निमूट ऐकून घेतो. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला तर खोली त्या दिवशी गार होते, आपण खूश होऊन पैसे देतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच वाक्य पुन्हा ऐकतो.

आता चांदण्यांचा विचार करा. अभिप्राय मागणारा मेसेज काम संपल्याबरोबर येतो. टाइल चमकत असते, माणूस झाडून-पुसून गेलेला असतो. सौजन्य आणि वक्तशीरपणा हे खरे गुण आहेत, ते मोजले जावेत. पण टाइलखालच्या कोब्याने अजून पाणी पाहिलेलं नाही, आणि त्याला पाच चांदण्या मिळून गेल्या. डोक्यावर उभं राहण्याचंही तसंच. काय पाहायचं ते ठाऊक नसलेला मालक दिवसभर सिमेंट कालवताना पाहतो आणि नेमका पाइप बुजवायच्या वेळी ऑफिसला गेलेला असतो.

माणूस पारखण्याच्या नावाखाली प्रत्यक्षात काय पारखलं जातं, याने मला जास्त अस्वस्थ व्हायला होतं. आडनाव, गाव, भाषा, कपडे. टाइल बसवणारा मराठी बोलतो की भोजपुरी, याचा टाइलमागे राहिलेल्या पोकळीशी काडीचा संबंध नाही. टाइलवर नाण्याने टकटक केली तर पोकळी आवाजावरून कळते. ती न करता आपण माणसाच्या बोलण्यावरून निकाल देतो. हा अन्याय आहे, आणि त्याने काम सुधारतही नाही.

चांगल्या कारागिराचं नुकसान कसं होतं ते जॉर्ज अकेरलॉफच्या १९७० च्या निबंधात दिसतं. त्यात उदाहरण जुन्या मोटारींचं आहे, पण युक्तिवाद इथे तंतोतंत लागू पडतो. चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर गिऱ्हाईक सरासरी भाव देतं, आणि त्या भावात चांगला माल विकणं परवडत नाही. तीन कोटेशनं मागवून सर्वांत कमीचं घेताना आपण हेच करतो. केमिकलचे दोन हात, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात गोलाई, पाणी भरून ठेवण्याचे दोन दिवस, हे सगळं धरणारा गवंडी कागदावर महाग दिसतो. तो बाजूला पडतो, किंवा पुढच्या वेळी यातलं काहीतरी गाळायला शिकतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की आधी माणूस ठरवू नये. काम झाकलं जाण्याआधी ते तपासायचं कसं, हे ठरवावं. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅप बंद करून पाणी भरावं, भिंतीवर पातळीची खूण करावी, ते २४ ते ४८ तास ठेवावं आणि खालच्या घरी जाऊन छत पाहावं. मगच टाइल. भिंतीतले पाइप बुजवण्याआधी पंपाने दाब देऊन गेजचा काटा उतरतो का ते पाहावं, आणि शेजारी टेप धरून फोटो काढून ठेवावेत. एसीची गळती नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाच्या फेसाने शोधता येते. गॅस वजनकाट्यावर मोजून भरावा, किती भरायचा ते बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. घराचं वायरिंग बदलायचं तर ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचंच आहे. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्याला सूट आहे, नव्या वायरिंगला नाही. त्याच्याकडून अर्थिंगच्या तपासणीचे आकडे लेखी घ्यावेत. काम मोठं असेल तर दोष शोधणारा एक आणि दुरुस्त करणारा दुसरा असावा.

यातल्या बहुतेक गोष्टींना इंजिनिअर व्हावं लागत नाही. पाणी उतरलं की नाही हे कुणालाही दिसतं.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. घरात एकटं म्हातारं माणूस किंवा लहान मुलं असतील तर येणारा कोण आहे, त्याचं ओळखपत्र काय, हे पाहायलाच हवं. पण तो घराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळालं म्हणजे कोबा गळणार नाही, असं होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की इतकं लिहून-मोजून घेतलं तर कारागीर दुखावेल. माझा अनुभव उलट आहे. ज्याला काम येतं तो पाणी भरून दाखवायला कचरत नाही. ते दोन दिवस त्याच्या भावात धरलेले हवेत, एवढंच त्याचं म्हणणं असतं, आणि ते रास्त आहे. लेखी बिलाचा त्यालाही आधार असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. पण काय ठरलं होतं याचा कागद नसेल तर दोन्ही बाजूंच्या हाती नुसते आरोप उरतात. त्या कागदावर चाचणी कोणती आणि कोणत्या दिवशी हे लिहिलेलं असावं, आणि त्याच ओळीत शेवटच्या हप्त्याची तारीखही, कारण चाचणी नीट पार पडूनही गवंड्याला मजुरीसाठी चार-चार खेपा घालायला लावणारी घरं आपल्या इमारतींत कमी नाहीत.