मीटर रूममधला पालथा माणूस

परवा रविवारी सकाळी लाइट गेली. आख्ख्या इंदिरानगरची नाही, फक्त आमच्या बिल्डिंगची; समोरच्यांचे पंखे मजेत फिरत होते. वायरमनकाकांच्या मागे टॉर्च धरून मीटर रूममध्ये शिरलो (इंजिनिअर असल्याचा घरात एवढाच उपयोग), तर जळमटांमागे एक तक्ता दिसला. विजेचा धक्का बसल्यावर करायचे उपचार. चित्रात एक माणूस पालथा पडलाय आणि दुसरा त्याच्या पाठीवर दाब देतोय.

तुम्हीही पाहिला असेल कुठेतरी. वाचला कोणी?

हा तक्ता कोणी हौसेने लावत नाही. भारतीय विद्युत नियम, 1956 मधल्या 44व्या नियमाने वीजकेंद्रं, सबस्टेशन, कारखाने अशा ठिकाणी या सूचना स्थानिक भाषेतसुद्धा लावायला सांगितल्या. आमच्या चित्रातली पद्धत त्याहून जुनी. एडिंबराच्या शेफर नावाच्या प्राध्यापकांची, 1903च्या सुमाराची, आणि मुळात बुडालेल्या माणसासाठी! पाठ दाबायची, सोडायची, हवा आत-बाहेर.

भानगड अशी, की शॉकमध्ये बऱ्याचदा हृदयाचीच लय बिघडते. ते नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही. मग पाठ कितीही दाबा.

यावर उत्तर शोधायला बसला चक्क एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर. (कॉलर टाइट!) 1920च्या दशकात अमेरिकेत लाइनमन शॉकने मरत होते आणि वीज कंपन्यांना उपाय हवा होता. जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम कौवेनहोवेन त्यामागे तीसेक वर्षं लागले. शेवटी त्यांच्या निकरबॉकर नावाच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की कुत्र्याच्या छातीवर जड इलेक्ट्रोड दाबले की करंट न देताही रक्तदाब वाढतो. म्हणजे बाहेरून छाती दाबूनही रक्त फिरतं! ज्यूड या सर्जनबरोबर त्यांचा पेपर आला 9 जुलै 1960 ला. आपलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं 20 जून 1960 ला. म्हणजे मंडळ आणि सीपीआर जवळजवळ जुळी भावंडं. 2005 मध्ये मंडळाच्या चार कंपन्या झाल्या, आमचा माणूस मात्र पालथाच.

"काका, कोणाला शॉक बसला तर काय करता?" मी विचारलं.

"आधी मेन स्विच पाडायचा साहेब. माणसाला हात लावायचा नाही. मेन सापडला नाही तर कोरड्या लाकडाने ढकलायचा. पण रस्त्यावर तार तुटून पडली असेल तर जवळ जायचंच नाही."

शंभर टक्के बरोबर.

"आणि मग?"

काकांनी तक्त्याकडे बोट दाखवलं.

मग तिथेच टॉर्चच्या उजेडात आमचा क्लास झाला. माणूस शुद्धीवर नाही, श्वास नीट नाही, तर 112 किंवा 108 ला फोन. त्याला उताणा करायचा. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे, साधारण 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, अँब्युलन्स येईपर्यंत. काकांनी घरून मागवलेल्या सोफ्याच्या उशीवर करून पाहिलं आणि दोन मिनिटांत घामाघूम झाले. मी दीड मिनिटात.

संध्याकाळी नवीन तक्ता प्रिंट करून सेक्रेटरींकडे गेलो. "जुना काढू नका हं," ते म्हणाले, "इन्स्पेक्शनला लागतो."

नाही काढला. त्याच्या काचेवरच नवा चिकटवला.