तीव्रता एक की अनेक?

21 मार्च 2024 रोजी सकाळी नांदेड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांत जमीन हादरली. 'भूकंपाची तीव्रता 4.5 रिश्टर', अशा बातम्या आल्या. हे वाक्य आपण वर्गातही सहज बोलून जातो. पण त्यातली 'तीव्रता' चुकीच्या जागी बसली आहे.

इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत : मॅग्निट्यूड म्हणजे महत्ता आणि इंटेन्सिटी म्हणजे तीव्रता. इंटेन्सिटीचे मूळ 'ताणणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. (तार ताणली की स्वर चढतो आणि चढ्या मध्यमाला आपण तीव्र म्हणतो, हा योगायोग मोठा गमतीचा!) चौदाव्या शतकात युरोपातील विद्वान उष्णतेसारखा गुण वस्तूच्या एकेका बिंदूपाशी किती 'ताणलेला' आहे, याची चर्चा करीत. म्हणजे हा शब्द पहिल्यापासूनच जागेशी बांधलेला. जागा बदलली की तीव्रता बदलणार.

भूकंपशास्त्राने तोच अर्थ उचलला. इटलीच्या मर्कॅलीच्या मापनश्रेणीला यंत्र लागत नाही. झोपलेली माणसे जागी झाली का, फडताळातली भांडी पडली का, भिंती कोसळल्या का, हे विचारून त्या त्या गावाची पायरी ठरते. तिच्या 1931 च्या सुधारित रूपात अशा 12 पायऱ्या आहेत. रिश्टरने 1935 मध्ये भूकंपलेखकाच्या नोंदीवरून भूकंपाचाच आकार मोजला. मॅग्निट्यूड हे नाव त्याने खगोलशास्त्रातून घेतले. ताऱ्यांच्या बाबतीत आपण त्यालाच 'प्रत' म्हणतो.

आता किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला आलेले, आदल्या रात्री गणेशविसर्जन झालेले. महत्ता सुमारे 6.2, जगाच्या मानाने मध्यमच. पण उगम उथळ होता. वर जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावर मातीचे जड माळवद. किल्लारी, सास्तूर परिसरात तीव्रता आठव्या-नवव्या पायरीपर्यंत गेली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. 'फक्त सहा रिश्टर, मग इतकी हानी कशी?' या प्रश्नाचे उत्तर या दोन शब्दांच्या फरकातच दडलेले आहे. महत्ता आपल्या हातात नाही. घर कसे बांधावे, हे मात्र बरेचसे आहे.

हा फरक शिकवायला घरातली वडीलधारी माणसे पुरेशी आहेत. त्या पहाटे काय झाले, ते मुलांनी त्यांना विचारावे आणि उत्तरे नकाशावर मांडावीत. किल्लारीपासून नांदेड सरळ रेषेत सुमारे 140 किलोमीटर, तर लातूर 40 च्या आत. औशाकडच्या आजी आणि नांदेडचे आजोबा एकाच भूकंपाबद्दल बोलतील, पण वेगवेगळे सांगतील. दोघांचेही बरोबर असेल.