मापून आवळलेल्या स्क्रूची कुळकथा

सर्व्हरमधला निकामी प्रोसेसर काढून त्याच्या जागी दुसरा बसविताना वीजपुरवठा तोडणे, मनगटाला स्थिर वीज उतरविणारा पट्टा बांधणे, हीटसिंकच्या तळाची जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढणे, ही जी पूर्वतयारी करावी लागते तिचे कारण कोणताही तंत्रज्ञ तत्काळ सांगतो. परंतु सॉकेटच्या चौकटीवर स्क्रूंशेजारी १, २, ३ असे आकडे का असतात, आणि ते आवळणारा पाना सुमारे दीड न्यूटन-मीटर पिळाला पोहोचताच ‘टक्’ असा आवाज करून पुढचा जोर घेण्याचे का नाकारतो, ही रीत मुळात कोणाच्या घरची, असे विचारले म्हणजे तोच तंत्रज्ञ पुस्तिकेचा दाखला देऊन मोकळा होतो. मला या रीतीचे मूळ न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात सापडले.

मधले टप्पे सर्वश्रुत आहेत. १९७१ साली आलेल्या इंटेल ४००४ या प्रोसेसरला अवघे सोळा पाय होते. पुढे पायांची संख्या शेकड्यांत गेली तेव्हा चाचणीच्या मेजावर आणि ईप्रॉम लिहिण्याच्या यंत्रात रुळलेले खटक्याचे सॉकेट संगणकाने उसने घेतले. २००४ साली इंटेलने घरगुती संगणकाच्या प्रोसेसरचे पाय काढून ते सॉकेटात रोवले, आणि २००६ साली झिऑनच्या सर्व्हरांतही तेच झाले. एएमडीच्या २०१७ सालच्या एपिक प्रोसेसरखाली अशा स्प्रिंगवजा टोकांची संख्या ४,०९४ आहे. एवढी टोके एकाच वेळी आणि सारख्याच दाबाने दबली पाहिजेत, आणि ते काम बोटाने किंवा खटक्याने होण्यासारखे नसल्यामुळे येथे तीन स्क्रू आले. ते १-२-३ या क्रमाने आवळावयाचे आणि ३-२-१ या क्रमाने सोडवावयाचे. त्यांत कसूर झाली तर सर्व्हर पुष्कळदा सुरू होतो, परंतु बसविलेल्या मेमरीपैकी एखादी पट्टी त्याला दिसतच नाही. मग अननुभवी माणूस निर्दोष मेमरी बदलत बसतो.

आता हा पाना मुळात कोणाचा, या तंट्याकडे वळू. पिळाचे माप दाखविणाऱ्या पान्याचे पहिले पेटंट मागितले ते १९३१ साली शिकागोच्या जॉन शार्प याने, असे कागदोपत्री दिसते. परंतु न्यूयॉर्कच्या पाणी खात्यात नोकरीस असलेला कॉनरॅड बार याचे म्हणणे असे की, जमिनीखालच्या नळांच्या फ्लँजचे बोल्ट कोणी सैल, कोणी अतोनात घट्ट आवळतो, या त्रासाला कंटाळून आपण असे हत्यार १९१८ सालीच केले होते. आणि पुढे जॉर्ज फेफर्ले या अभियंत्याच्या भागीदारीत त्याने १९३५ साली जो पाना नोंदविला तो ठरल्या पिळाला आवाज देणारा होता. तिसरा हक्कदार मोटारवाल्यांचा. क्रायस्लर कंपनीत इंजिनाच्या कामासाठी दांडीचा पाना निघाला, त्याची सनद पॉल स्टर्टेव्हंट याने घेतली आणि तो बाजारात विकला, अशी त्या पक्षाची कैफियत आहे.

आमच्या नगर शहरातला माणूस या वादात सहसा मोटारपक्षाकडे झुकेल. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ पासून येथेच तयार होऊ लागली, आणि इंजिनाच्या हेडचे नट ओळीने न घेता समोरासमोरचे घेऊन थोडेथोडे आवळावेत, हे ज्ञान येथल्या गॅरेजातल्या पोऱ्यालाही असते. सर्व्हरचा हीटसिंक बसविणारा हात कर्णाकर्णाने फिरतो तो याच वळणाने, हे मीही मान्य करतो. तथापि इंजिनाचा सिलिंडर तरी अखेर काय आहे? एका तोंडाने बंद केलेला नळच. आणि त्याच्या तोंडावर बोल्टांनी झाकण बसविण्याची वहिवाट मोटारगाडीच्या कितीतरी आधी वाफेच्या इंजिनांत चालू होती. तेव्हा इंजिन हे नळाच्याच कुळातले ठरते, आणि क्रायस्लरचा दावा खरा धरला तरी तो धाकट्या पातीचा राहतो.

याच नगरात निजामशाहीच्या काळी कापूरवाडी, भिंगार अशा आसपासच्या गावांतून पाणी आणणाऱ्या खापरी नळांच्या योजना होत्या, आणि मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दीत फराहबागेचा महाल १५८३ मध्ये पुरा झाला तो पाण्याच्या मध्यभागी. त्या नळांना बोल्ट नव्हते, एकात एक नळ घालून सांधे बुजविलेले असत. त्यांना या वंशावळीत ओढून आणण्याचा मोह मी आवरतो. सांध्याच्या घेरावर दाब सर्वत्र सारखा नसेल तर पाणी नेमके दुबळ्या जागेतून निसटते, एवढी गोष्ट मात्र निजामशाहीच्या कारागिराला आणि बारला सारखीच ठाऊक होती.

आणखी एक आक्षेप उरतो. समतोल आवळणे ही यंत्रशास्त्राची साधी गरज आहे, ती कोणालाही कोठेही सुचेल, वंशावळ कशाला हवी? गरज सार्वत्रिक असेल. परंतु हाताची पारख बाजूला ठेवून थांबण्याचा हुकूम हत्यारानेच द्यावा, ही तजवीज सार्वत्रिक नाही, तिला कर्ता आहे. एएमडीच्या थ्रेडरिपर प्रोसेसरच्या पेटीतला छोटा पाना तोच हुकूम देतो. तो ज्या चांदणीच्या खाचेच्या स्क्रूत बसतो ती टॉर्क्स खाच १९६७ च्या सुमाराची, मोटारींच्या कारखान्यांत रुळलेली. म्हणून बारचा पाना तेथूनच, मोटारींच्या जुळणीच्या रांगेतून, सर्व्हरपर्यंत आला असावा, असे मी अनुमान करतो.

शिवाय अलीकडे नळ स्वतःच परत आला आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसविलेल्या सी-डॅकच्या परम ब्रह्म महासंगणकात प्रोसेसर पाण्याच्या थेट स्पर्श-शीतनाने थंड केले जातात. अशा यंत्रातला प्रोसेसर बदलावयाचा तर आधी पाण्याची तबकडी उतरवावी लागते, आणि नवा बसविल्यावर तिचे स्क्रू पुन्हा मापून आवळावे लागतात. क्रायस्लरच्या पक्षकारांनी याला काय उत्तर द्यावे ते त्यांचे त्यांनी ठरवावे.