अनोळखी देवघेवीतील पत
संगणकातील फायली परस्परांस देण्याची प्रथा नॅपस्टरने १९९९ साली रूढ केली. परंतु अनोळखी माणसाची पत ठरवावी कशी? नुटेला जाळ्यातील सुमारे ७० टक्के लोक नुसते घेणारेच होते, असे २००० सालच्या पाहणीत आढळले. पुढे काझाने दातृत्वास गुण दिले. पण हिशेबनीस बसलेला ज्याच्या त्याच्याच यंत्रात! आपल्या खतावणीत आपणच जमा मांडायची, तर सारेच सावकार ठरणार. काझा लाइट वापरणारास सर्वोच्च गुण आयतेच मिळत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००३ मध्ये इतरांच्या साक्षी तोलण्याची रीत सुचविली. आम्हांस मात्र ब्रॅम कोहेन यांच्या २००१ सालच्या बिटटोरेंटची युक्ती अधिक व्यवहारी वाटते. ती कीर्ती विचारीतच नाही; या घटकेस जो देतो त्यास देते, आणि रिकाम्या हाती आलेल्या नवख्यासाठीही अधूनमधून एक दार उघडते.